आनेझोची वाट

आर्मिरा बेटाच्या उत्तर टोकाला एक किनारा आहे. तिथवर रस्ता जात नाही, होडीनेच जावे लागते. सगळा किनारा काळ्या धोंड्यांनी भरलेला आहे. काही धोंडे नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे, काही तर दोघांनी मिळून उचलावेत असे. उन्हात ते इतके तापतात की वर हात ठेववत नाही. मात्र या काळ्या पसाऱ्याच्या मधोमध, पाण्यापासून थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत, पांढऱ्या वाळूचा एक पट्टा सरळ गेला आहे. रुंदी सात-आठ हात, लांबी साठ पावले, आणि दोन्ही कडांना धोंड्यांचे गुडघाभर बांध. समुद्रातून पाहिले की काळ्याभोर केसांत सरळ भांग पाडल्यासारखा तो दिसतो.

बेटावरचे पाच उत्तम किनारे एका दिवसात दाखवणारी सहल मी घेतली होती. होडी बार्बा पान्टेलिस यांची. बार्बा म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात तसे. वय एक्याऐंशी. तीस वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली होती, बरोबर रत्नागिरीकडचे दोन खलाशी होते, त्यामुळे माझे गाव ऐकताच त्यांनी मला ‘पाणी’, ‘भात’ आणि ‘चल रे’ असे तीन शब्द म्हणून दाखवले. बाकी बोलणे जहाजावरच्या मोडक्या इंग्रजीत.

पहिल्या किनाऱ्यावर तांबडी वाळू होती. दुसऱ्यावर पाणी लांबपर्यंत घोट्याइतकेच. तिसऱ्यावर झाडांची सावली, चौथ्यावर निखाऱ्यांवर भाजलेले ऑक्टोपस आणि गाणी. सगळीकडे एका छत्रीखाली दोन खाटा मांडलेल्या. मी एकटी होते. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या खाटेवर मी माझी पिशवी ठेवत गेले. चौथ्या किनाऱ्यावर होडीतले बाकीचे जेवायला थांबले, पुढे यायला कुणी तयार नव्हते. बार्बांनी मला विचारले, “तुम्ही येणार का?” मी हो म्हटले.

पाचवा किनारा तो हाच. पट्ट्याच्या वरच्या टोकाला कड्याच्या सावलीत आम्ही बसलो, आणि त्यांनी जे सांगितले ते असे.

दीडशे वर्षांपूर्वी, म्हणे, या बेटावरचे सगळे पुरुष समुद्रातून स्पंज काढत. ईस्टर झाला की बोटी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत आणि शरद ऋतूत परतत. त्याच सुमारास तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख आला होता. तो घालून माणूस पूर्वीपेक्षा दुप्पट खोल जाई. वर बोटीवर एकजण त्याच्या कमरेचा दोर धरून बसे. खालच्याने दोर हलवला की वरच्याने त्याला ओढून घ्यायचे.

आनेझो तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. नवऱ्याचे नाव निकीतास. त्या शरदात बोटी परतल्या तेव्हा बंदरावर सगळे गाव उभे होते. ज्याची त्याची माणसे उतरली. निकीतास उतरला नाही. त्याचा दोर धरणारा स्टामातिस तेवढा खाली मान घालून उतरला. स्टामातिसला आईबाप नव्हते, भाऊबंद नव्हते. त्याला घ्यायला कधीच कुणी येत नसे.

त्या काळी बंदरावर, बोटी परतण्याच्या दिवशी बोललेला शब्द खरा होतो, असे लोक मानत. म्हणून त्या दिवशी सगळे जपून बोलत. आनेझो सर्वांच्या देखत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तू आलास आणि तो आला नाही,” ती म्हणाली. “या बंदरात तुझं पाऊल पुन्हा पडू नये.”

 स्टामातिस वळला आणि पुन्हा बोटीत चढला. कप्तानाला सांगून तो उत्तरेच्या या ओसाड किनाऱ्यावर उतरला. इथे शेळ्यांचा एक गोठा होता, त्यात त्याने हिवाळा काढला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने हट्टाने निकीतासचाच पोशाख मागून घेतला आणि स्वतः खाली जाऊ लागला. एके दिवशी फार खोलातून त्याला घाईने वर ओढावे लागले. त्या पोशाखात खोल जाणाऱ्यांचा हा नेहमीचा घात. कमरेखालचे अंग लुळे पडले. स्टामातिसचे पाऊल नंतर बंदरात काय, कुठेच पडले नाही.

असे झालेले पाणबुडे तेव्हा पुष्कळ असत. जमिनीवर त्यांना उभे राहता येत नसे, पण पाण्याखाली पायांचे ओझे नसते, त्यामुळे काम करता येई. स्टामातिसने काम सोडले नाही. शरदात कप्तानाने त्याला बंदरात न्यायचे म्हटले, तर तो म्हणाला की तिथे मला मनाई आहे. मग बोट उत्तरेला वळवून त्याला किनाऱ्याजवळ पाण्यात सोडले. धोंड्यांमुळे बोट काठाला लागत नसे. तो पोहत आला आणि कोपरांवर अंग ओढत धोंड्यांवरून गोठ्यापर्यंत गेला. साठ पावलांना अर्धा दिवस लागला. शेळ्या राखणारी एक बाई होती, तिने ते पाहिले. तिने त्याला जवाचा पाव आणि चीज दिले, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या विहिरीवर सांगितले की धोंड्यांवर सबंध वाटभर रक्त आहे.

गावाने त्यातून एवढेच घेतले की आनेझोचा शब्द लागला. बायका तिच्यापासून लांब राहू लागल्या. ती विहिरीवर आली की बोलणे थांबे. तान्ही मुले पदराआड जात. सामाईक भट्टीवर पाव भाजायला तिला कुणी हाक मारीना. फक्त सासूला समाधान वाटले. ती रोज म्हणे, “माझ्या लेकाचा सूड तू घेतलास.” ते आनेझोला ऐकवत नसे. विधवा तर ती होतीच, पण एवढी एकटी ती त्या हिवाळ्यापर्यंत नव्हती.

ईस्टर झाला. बोटी गेल्या. तेव्हा ती दोन तास चालून, कडा उतरून इथे आली, टोपली घेऊन. पाण्याच्या कडेपासून तिने धोंडे उचलायला सुरुवात केली. उचलायचा, बाजूला नेऊन ठेवायचा, परत यायचे. मोठे धोंडे ती लाकडाच्या दांड्याने लोटत नेई. खाली पांढरी वाळू आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हते. त्या उन्हाळ्यात वीस पावलांची वाळू मोकळी झाली.

शरदात स्टामातिस पाण्यातून वर आला आणि हाताला वाळू लागली. शेळ्यांवाली सांगत असे की तो बराच वेळ तसाच पालथा पडून राहिला. हे कुणी केले असे त्याने विचारले, आणि बाईने खरे ते सांगितले.

हिवाळ्यात उत्तरेचा समुद्र खवळला आणि त्याने सगळे धोंडे होते तिथे आणून टाकले. वसंतात आनेझोने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या उन्हाळ्यात पट्टा कड्यापर्यंत पोचला. त्या शरदात ती गावी परतली नाही. आम्ही बसलो होतो तिथेच ती उभी राहिली.

तो सरपटत वर आला आणि तिच्यापासून चार हातांवर थांबला.

“तुझा शब्द अजून आहे ना?” त्याने विचारले.

“आहे,” ती म्हणाली. “बोललेलं मला परत घेता येत नाही. धोंडे तेवढे उचलता येतात.”

 तो म्हणाला, “मग हेही ऐकून घे. त्या दिवशी दोर हलला होता. एकदाच. मला वाटलं, लाट असेल. मी ओढला नाही.”

“किती वेळ?”

“हातातला पाव संपेपर्यंत.”

आनेझो वळली. ती कडा चढून निघून गेली.

पुढच्या वसंतात ती आली नाही. बोटी गेल्या, मे महिना गेला. समुद्राने टाकलेले धोंडे होते तसे पडून राहिले. शेळ्यांवाली रोज कड्यावरून पाही. ती विहिरीवर काही बोलली नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे. जून सरत आला तेव्हा एका सकाळी तिला खाली धोंड्यावर धोंडा आपटल्याचा आवाज आला.

आनेझो का परतली याच्या बेटावर दोन हकिकती आहेत. चर्चमध्ये सांगतात की स्वप्नात एक संत येऊन तिला ‘परत जा’ म्हणाला. बार्बांच्या आजीला ते मान्य नव्हते. आजी सांगे की आनेझो त्या दिवशी एकटीच जेवत होती. पाव खाऊन झाला आणि तिच्या लक्षात आले की एक पाव संपायला किती थोडा वेळ लागतो. ती उठली आणि टोपली घेतली.

त्या शरदात बोट उत्तरेच्या भूशिराला वळसा घालत होती तेव्हा स्टामातिस कठड्याला धरून बसला होता, असे खलाशी सांगत. काळ्या किनाऱ्यावर पांढरे काही दिसते का, एवढेच तो पाहत होता. ते दिसले. त्याने मान खाली घातली आणि मला पाण्यात सोडा म्हणाला.

त्यानंतर अकरा वर्षे हे असेच चालले. ती दोघे एकमेकांशी पुन्हा एक शब्दही बोलली नाहीत. तो परतण्याच्या दिवशी ती कड्यावर बसलेली असे. तो पाण्यातून एक हात वर करी. ती उठून घरी जाई. तिने त्याला क्षमा केली असे कुणी म्हणत नाही, केली नाही असेही कुणी म्हणत नाही.

बाराव्या शरदात बोट आली, शिडे उतरली, पण पाण्यात कुणालाच सोडले नाही. बोट काही वेळ तशीच उभी राहिली आणि बंदराकडे गेली. आनेझो संध्याकाळपर्यंत कड्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी कप्तान स्वतः तिच्या दारी आला. स्टामातिस ऑगस्टमध्ये गेला होता, आफ्रिकेच्या वाळूत त्याला पुरले होते. जाण्याआधी त्याने एक गोष्ट मागितली होती: मी नसलो तरी बोट उत्तरेकडून न्या, आणि पट्टा आहे का बघा.

“बघितला,” कप्तान म्हणाला. “होता.”

पुढच्या वसंतात आनेझो टोपली घेऊन पुन्हा निघाली. शेळ्यांवालीने तिला अडवून विचारले की आता कुणासाठी? आनेझो म्हणाली, “ते मला माहीत नाही. पण घरी बसवत नाही.” त्यानंतर तीस वर्षे, हात चालत होते तोवर, ती येत राहिली. गावाने तिला भट्टीवर शेवटपर्यंत बोलावले नाही.

ती वारली त्या वर्षी पट्टा धोंड्यांखाली गेला. शरदात बोटी भूशिराला वळसा घालून आल्या आणि सगळा किनारा काळा दिसला. इतक्या वर्षांत खलाशांच्या नजरेला त्या पांढऱ्या रेघेची सवय झाली होती. ती दिसली की घर आले असे ते समजत. त्या वर्षी बंदरावर उतरताना कुणी हसले नाही, असे सांगतात.

पुढच्या वसंतात गावातली एक बाई कुणाला न सांगता इथे आली. आनेझोची नजर पडू नये म्हणून तिने एके काळी आपले तान्हे मूल पदराआड घेतले होते, त्याची लाज वाटून तिला कुणाला दिसायचे नव्हते. ती काम करून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येकीला वाटत होते की आपण एकटीच जातो आहोत. शरदापर्यंत पट्टा कड्याला भिडला होता, आणि कुणी कुणाला काही विचारले नाही.

आजही ईस्टरनंतर आनेझोच्या गावातला प्रत्येकजण इथे एक दिवस येतो. एकट्याने यायचे, बरोबर कुणी आणायचे नाही, आणि काम करताना बोलायचे नाही, अशी रीत आहे. स्पंजाच्या बोटी केव्हाच बंद झाल्या. समुद्रातून पाहणारे आता आम्ही पाहुणेच. त्या गावात एके काळी चारशे घरे होती. या वर्षी हिवाळ्याला बार्बा धरून तेरा माणसे उरली होती. त्यांतली दोघे अंथरुणाला खिळलेली, बाकी अकरा येऊन गेली.

“मग दिवस अकराच झाले,” मी म्हटले.

“बारा,” बार्बा म्हणाले. “मी दोन दिवस येतो. रिनिओ चार वर्षांपूर्वी गेली. एक दिवस माझा, एक तिचा.”

रिनिओ म्हणजे त्यांची बायको. तिच्या पाठीत दुखत असे, म्हणून ती लहान, चपटे धोंडेच उचलायची. तिच्या दिवशी तेही तेवढेच उचलतात.