निघतानाचा शब्द

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंना मोठ्या आग्रहाने घरी जेवायला घेऊन आला. निमित्त जरा विचित्रच होते. त्याची सोळा वर्षांची मुलगी कालिंदी महिन्यापूर्वी, कुणाला न विचारता, मैत्रिणींबरोबर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहायला गेली आणि दिवेलागणीनंतर परतली. आईविना वाढवलेली पोर; ती येईपर्यंत बापाचा जीव टांगणीला लागला होता. ती दिसली मात्र, त्या भीतीचा राग झाला. "महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही," असे त्याने फर्मावले आणि ते तंतोतंत पाळून घेतले.

पहिले आठ दिवस ती रडली, भांडली. पुढे विनवण्या झाल्या. मग तिने काहीच केले नाही, आणि बापाला अभिमान वाटला तो नेमका याच गोष्टीचा!

"गुरुजी, सुतासारखी सरळ झाली," वरणभात वाढत तो सांगू लागला. "हट्ट नाही, उलट उत्तर नाही. आज महिना भरला. मघाशी म्हटलं, जा आता बाहेर. तर मान खाली घालून एवढंच म्हणाली, 'जाते, बाबा.' आणि गेली नदीकडे."

गुरूंचा घास हातातच थांबला. "काय म्हणाली?"

"जाते म्हणाली."

वृद्ध गुरू भरल्या ताटावरून उठले. व्यापाऱ्याने वाढायचे भांडे खाली ठेवले. "काही चुकलं का? वरणात मीठ कमी पडलं का?"

"अरे, आपल्याकडे पाण्याला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणून निघते," गुरू म्हणाले. "बोलू लागलेल्या लेकराला आपण आधी हेच शिकवतो, कारण निघणाऱ्याने परत यायचं असतं. तुझ्या मुलीने आज तो शब्द गाळला. महिनाभर तिला जिथे ठेवलंस, तिथे परत यावं असं तिला वाटत नाही. माझं जेवण राहू दे. धाव, तिला गाठ."

कालिंदी पैलतीरी निघालेल्या नावेत बसली होती. मांडीवर लहानसे गाठोडे होते. तिची मावशी पलीकडच्या गावात राहत असे. नावाडी दोर सोडत असतानाच बापाने धापा टाकत हाक मारली. ती मुकाट्याने उतरली. का म्हणून विचारले नाही, रडली नाही. ती भांडली असती तर त्याला केवढे बरे वाटले असते!

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "चल, आपल्या घरी चल."

"चला," ती म्हणाली. "तुमच्या घरी जाऊ."

'आपल्या'चे 'तुमच्या' कधी झाले, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही. तो तिच्या मागून चालू लागला. पुन्हा ती 'आपल्या' म्हणायला किती वर्षे लागतील, हे गुरूंना विचारण्याचा मात्र त्याला धीर झाला नाही.