शेजारच्या तळ्याशी तुलना

एका ओढ्यावर वर-खाली अशी दोन तळी होती, त्या काळची गोष्ट. वरच्या तळ्यातली बेडकांची पिल्लं पाय फुटायच्या आतच मरू लागली.

"पाण्यातच काहीतरी आहे," पिल्लं गमावलेली एक बेडकी म्हणाली.

"उगाच पाण्याला नावं ठेवू नये. आधी तुलना करून बघू," असं म्हणून म्हातारे डरावबुवा खालच्या तळ्यावर जाऊन आले. "तिथेही इतकीच मरतात. म्हणजे पाण्याचा दोष नाही. पिल्लं मरतातच," त्यांनी सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

"अहो बुवा, पण खाली पाणी आपल्याच तळ्यातून जातं," बेडकी म्हणाली. "तुलनाच करायची तर वर झऱ्यापाशी जाऊन बघा."

"झरा लांब आहे. आणि तुझं मन सध्या थाऱ्यावर नाही."

काही पावसाळे गेले. मग खालच्या तळ्याचे बेडूक तुलना करायला वर आले. वरच्या तळ्यात एकही बेडूक उरला नव्हता. सगळीकडे नीट बघून ते परतले आणि आपल्या लोकांना म्हणाले, "धीर धरा. वर आता एकही पिल्लू मरत नाही."