शेंदरी खुळखुळा

डोंगराखालच्या एका गावात लाकडी खेळणी करणारा एक चितारी राहायचा. तो लाकूड कातायचा आणि त्याची बायको येसू त्यावर रंग चढवायची. पळसाच्या फुलांचा केशरी, हळदीचा पिवळा, पाल्याचा हिरवा, असे तिचे साधे रंग. पोरांनी चार महिने हाताळले की ते विटून जायचे. तरी गावात मूल जन्मलं की बारशाला चितार्‍याच्या घरचा खुळखुळा जायचा आणि येसू आपल्या हाताने तो पाळण्याला बांधायची. तशी रीतच पडली होती.

एका वर्षी एक फिरता व्यापारी त्यांच्या दारात उतरला. त्याने पोतडीतून शेंदरासारखी लालभडक पूड काढली.

“हा रंग लावून बघा. उन्हात विटणार नाही, पाण्यात उतरणार नाही.”

आणि खरंच, त्या रंगाचं खेळणं नुसतं झळकायचं. येसूचा हात बारीक कामाचा. कुंचल्याला टोक यावं म्हणून ती तो ओठांत धरून ओला करायची. रंगाला थोडी गोडसर चव होती. तान्ही पोरं खुळखुळा एकदा तोंडात घालत ती सोडतच नसत. “पोर कसं शांत पडून राहतं बाई,” असं आया म्हणायच्या. लांबलांबच्या गावांहून मागणी येऊ लागली. चितार्‍याच्या घरावर कौलं चढली.

त्या दिवसांत येसू दुसर्‍यांदा गरोदर होती. थोरली मैना जुन्या, विटक्या खेळण्यांवर वाढलेली, चुरचुरीत बोलणारी पोर. धाकटा केरू जन्मला तो त्या लाल रंगाच्या भरभराटीत. त्याच्या पाळण्याला सगळ्यांत सुंदर खुळखुळा होता.

केरू चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. एक गोष्ट सांगेपर्यंत दुसरीकडे लक्ष जायचं. मनाविरुद्ध काही झालं की तो जमिनीवर डोकं आपटायचा, नाहीतर समोरच्याला चावायचा. आणि हे एकट्या केरूचं नव्हतं. पंतोजींच्या शाळेत धाकटी पोरं बसू लागली, त्यांना आज शिकवलेलं उद्या आठवेना. चेहरे फिकुटलेले, पोटात सारख्या कळा, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर.

गावाने कारणं शोधली. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, पंतोजींना शिकवता येत नाही. पण खरा बोल लागला तो आयांना. हिने लाडावून ठेवलंय, हिच्या दुधातच कस नाही, हे हिच्या माहेरचं खूळ आहे. चुलीपुढे बसून रडणार्‍या कितीतरी सुना येसूला ठाऊक होत्या. तिची स्वतःची सासूही मरेपर्यंत तेच बोलत होती.

एका दुपारी घरच्या बकरीने ओट्यावरची रंगाची वाटी चाटून पुसून साफ केली. त्यानंतर ती चारापाणी सोडून गोल गोल फिरू लागली. डोळे उघडे, पण तिला काही दिसत नसावं. शेवटी ती भिंतीला डोकं टेकवून तशीच उभी राहिली आणि तिथेच कोसळली.

“काहीतरी विषारी पाला खाल्ला असेल,” चितारी म्हणाला.

येसूने मान डोलावली. पण पुढच्या खेपेला व्यापारी आला तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवून विचारलं, “दादा, हा रंग होतो तरी कशाचा?”

“शिसं भट्टीत भाजतात, वहिनी. त्याची ही पूड.”

“आणि भट्टीवरची माणसं कशी असतात?”

व्यापारी जरा घुटमळला. “धड नसतात. पोटात कळा येतात, मनगटं लुळी पडतात, काही भ्रमिष्ट होतात. पण तुम्हाला काय त्याचं? तुम्ही थोडाच तो खाता?”

येसूने वळून पाहिलं. उंबर्‍यावर केरू बसला होता. खुळखुळ्याचा लाल रंग जागोजागी उडून खालचं पांढरं लाकूड दिसत होतं, आणि तो खुळखुळा त्याच्या तोंडात होता.

व्यापारी गेल्यावर तिने नवर्‍याला सगळं सांगितलं. त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

“शंका आहे तुझी. खात्री नाही.”

“खात्री व्हायला अजून किती पोरं लागतील?”

“येसू, हे बाहेर गेलं तर गाव आपल्याला उभं राहू देणार नाही. आणि झालं ते काही परत फिरणार आहे का?”

तिने केरूचा खुळखुळा काढून घेतला आणि ती गप्प राहिली. तिला भीती वाटत होती. नवरा म्हणतो ते खरं असेल, असंही ती मनाला समजावत होती. ते गप्प राहणं सगळा उन्हाळाभर चाललं, आणि त्या उन्हाळ्यात नवी खेळणी कितीतरी घरांत गेली.

मग कुंभाराच्या घरी मूल जन्मलं. कुंभारणीला फार वर्षांनी, नवससायास करून मुलगी झाली होती. बारशाला अंगण बायकांनी भरून गेलं. पाळणा फुलांनी मढवला होता. येसू खुळखुळा घेऊन आली तशी बायकांनी तिला वाट करून दिली. पाळण्यातल्या पोरीने हात वर केला. इवलीशी बोटं उघडली, मिटली.

येसूचा हात पुढे होईना.

“बांध ना गं,” कुंभारीण म्हणाली.

“नाही बांधत,” येसू म्हणाली. “या रंगात विष आहे. तुमची पोरं कुणाची दृष्ट लागून बिघडली नाहीत. तुमच्या दुधानेही नाहीत. आमच्या खेळण्यांनी बिघडली. मला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, पण मी बोलले नाही.”

मग मागून एक बाई पुढे आली. तिचा मुलगा शाळेत कधी टिकलाच नव्हता, आणि त्यापायी तिने नवर्‍याचा मार खाल्ला होता. तिने येसूकडे नीट पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “सगळा उन्हाळा तू माझ्याकडे जेवायला येत होतीस, येसू.”

एवढंच बोलून ती निघून गेली.

गाव पुष्कळ दिवस धुमसत राहिलं. काहींनी येसूला वेडी ठरवलं. पण पंतोजींनी घरोघर चौकशी केली तेव्हा दिसलं, की नदीपलीकडच्या वाडीत कुणाकडे लाल खेळणी नव्हती आणि तिथली पोरं ठणठणीत होती. खेळणी गोळा झाली. जाळून धूर नको, विहिरीत टाकून पाणी नासायला नको, म्हणून माळावर खोल खड्डा करून पुरली. चितार्‍याकडचं गिर्‍हाईक तुटलं. तो पुन्हा हळदीकडे, पळसाकडे वळला, पण त्याच्या हातचं खेळणं गावात कुणी घेतलं नाही.

त्यानंतर जन्मलेली मुलं नीट वाढली. कुंभाराची पोर तर मोठी चुणचुणीत निघाली. पण लाल रंगावर वाढलेली मुलं मात्र नुसती अंगाने वाढली. आया येसूच्या दाराशी यायच्या आणि विचारायच्या, “माझा कधी सुधारेल गं?” येसू त्यांना बसायला पाट द्यायची.

केरू मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला. एकदा ओढ्यावर एका शेतकर्‍याने त्याच्या बोलण्याची नक्कल केली. केरूने हातातली काठी अशी घातली, की त्या माणसाचा हात खांद्यापासून निकामी झाला.

पंच बसले. पाटील म्हणाले, “हे पोर मुळातच वाईट आहे. याला गावाबाहेर काढा.”

येसू उभी राहिली. तिचे केस पिकले होते.

“शिक्षा करा, पाटील. त्या माणसाचा हात गेलाय, तो खोटा नाही. पण मुळातच वाईट म्हणू नका. हा पोटात होता तेव्हा मी तो रंग ओठांनी चाटत होते. याचा स्वभाव घडायच्या आधीच तो आम्ही मोडला.”

पंचांतल्या बहुतेकांच्या घरी तसं एकेक पोर होतं. शेवटी ठरलं, की केरूने त्या शेतकर्‍याचं शेत जन्मभर करून द्यावं.

दुसर्‍या दिवसापासून येसू त्याच्याबरोबर जाऊ लागली. नांगर कसा धरायचा, बैल कुठे वळवायचे, नांगराचं तास कुठवर न्यायचं, हे ती सकाळी त्याला समजावून सांगे. दुपारपर्यंत तो ते विसरे. मग चिडून तो नांगर ढकलून देई, आणि चिडणं ओसरलं की बांधावर बसून आईकडे बघत राही. येसू पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे.

तात्पर्य: घडत्या जिवाच्या अंगात गेलेलं विष त्याची बुद्धी आणि स्वभावही घडवतं, आणि ते मागाहून काढून घेता येत नाही. म्हणून मुलाला वाईट ठरवण्याआधी आपण त्याच्या तोंडात काय जाऊ दिलं ते पाहावं, आणि शंका येईल त्याच दिवशी बोलावं.