न धरलेला बार

“मग यातली कुठली नेऊ, वस्ताद?”

शलाकाने पाच कागद बाजेवर ओळीने मांडले आणि प्रत्येकाच्या डोक्याशी काडतुसांची एकेक डबी ठेवली. पाच डब्यांना पाच रंगांचे दोरे. परवा राज्याच्या संघाची निवड होती. नऊशे मीटरवर नेम धरायचा होता आणि संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी तिने अख्खा उन्हाळा जिवाचं रान केलं होतं.

वस्ताद बाबालाल शिकलगार बशीत चहा ओतत होते. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जोतिबाच्या डोंगरामागच्या माळावर नेमबाजीचं मैदान सुरू केलं. परवाना त्यांचा, नियम त्यांचे, आणि बोलायचं काम समोरच्याचं.

शलाका इंगवले शिरोलीच्या एका फाउंड्रीत माल तपासायची. नापास नग उचलून बाजूला टाकण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. वस्तादांच्या खोलीत बसून काडतुसंही ती त्याच थाटात भरायची. बंदुकीची दारू काट्यावर तोलायची, रिकामी पितळी टरफलं निवडून घ्यायची. पाच डब्यांत फरक एवढाच, की दर डबीत दारू मोहरीएवढी वाढत गेलेली. मग प्रत्येक डबीतले पाच बार तिने तीनशे मीटरवरच्या कागदावर काढले होते.

“सांगा ना. कशी वाटली?”

तिला शाबासकी हवी होती. खोटं कशाला सांगा!

वस्तादांना चहाबरोबर बत्तासे लागत. त्यांनी ताटलीतला एक उचलला आणि पहिल्या कागदावर ठेवला. चार भोकं त्याखाली अलगद झाकली गेली.

“ब्येस.”

शलाका फुलली.

वस्तादांचं बोट सावकाश सरकत कडेच्या एकट्या भोकापाशी थांबलं.

“आन् ह्यो?”

“तो मोजणीत धरायचा नाही. नेमकं तेव्हाच वारं आलं.”

बत्तासा दुसऱ्या कागदावर गेला. पुन्हा चार भोकं झाकली, एक बाहेर.

“ह्यो?”

“तो माझ्यामुळे गेला. श्वास चुकला. तोही धरायचा नाही.”

तिसऱ्या कागदाच्या वेळी कानावर माशी बसली होती. चौथ्याच्या वेळी खांदा हलला होता. पाचव्या कागदावर मात्र ती अडखळली.

“तो... तो कसा गेला, मलाच कळलं नाही.”

“मंग त्योबी धरायचा न्हाई.”

“अर्थात!”

वस्तादांनी बत्तासा तोंडात टाकला. मग ते आत गेले आणि एक कोरा कागद आणि दाभण घेऊन आले.

“हे पाची कागद एकेक करून ह्याच्यावर ठेव. मधला ठिपका मधल्या ठिपक्यावर. आन् भोकाभोकातनं खाली टोच.”

“सगळ्या?”

“सगळ्या. धरलेल्या, न धरलेल्या.”

हे बालवाडीचं काम तिला मुळीच आवडलं नाही. पण वस्तादांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. ती टोचत बसली.

“आता उनात धर.”

तिने कागद सूर्यासमोर धरला. प्रत्येक भोकातून उजेड आला... आणि तिचे डोळे मोठे झाले.

बत्ताशाएवढा पुंजका कुठेच नव्हता. मधोमध होती एक चांगली गोल पुरी, टम्म फुगल्यासारखी, आत उजेडाचे ठिपकेच ठिपके. कडेला एकटी पडलेली भोकंही आता एकटी नव्हती. सगळी त्या पुरीच्याच काठावर बसली होती.

“ह्यातलं लाल दोऱ्याच्या डबीचं दाखव.”

तिने कागद जवळ आणला, लांब नेला.

“हिरव्याचं?”

“...नाही सांगता येत.”

तिचा चेहरा पडला. “म्हणजे पाचही डब्या सारख्याच? माझा उन्हाळा पाण्यात गेला, वस्ताद? आता मी परवा काय तोंडानं उभी राहू?”

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल बाजेवर पसरला, पाचही डब्या त्यावर उपड्या केल्या आणि दोन्ही हातांनी काडतुसं अशी कालवली, जसे चुरमुरे कालवतात.

“वस्ताद!”

ती किंचाळलीच. हाताने काडतुसं भरणारा माणूस एकवेळ उपाशी राहील, पण दोन डब्यांतली काडतुसं एकत्र करणार नाही.

“ऊठ,” वस्ताद म्हणाले. “नऊशेवर जा.”

टॉवेलाचं गाठोडं उचलून ती रागारागाने तिथल्या सतरंजीवर पालथी पडली. दूर समोर, निशाणाखालच्या खड्ड्यात मैदानावरचा गडी भैरू होता. बार लागला की तो लागल्या जागी पांढरी चकती दाखवी, आणि गोळी काळ्या वर्तुळाबाहेर गेली की लाल निशाण हलवी. ते वर्तुळ परातीएवढं, पण इथून टिकलीएवढं दिसत होतं.

तिने टॉवेलातलं एक काडतूस उचललं. कुठल्या डबीचं? कळायला मार्ग नव्हता. मोहरीभर जास्त, की कमी? तेही नाही. विचार करायला काही उरलंच नव्हतं. फक्त वारं होतं आणि श्वास होता.

बार झाला.

चकती वर आली. काळ्यात.

दुसरा. काळ्यात, जरा डावीकडे. तिसरा उजवीकडे, पण काळ्यातच. ती उचलत होती, भरत होती, बार काढत होती. भैरूची चकती वर्तुळात इकडून तिकडे बागडत होती आणि लाल निशाण तसंच पडून होतं. त्या परातीत तिची पुरी कशीही पडली तरी मावत होती!

तिला हसू फुटलं. पोटातून आलेलं, आवरेना असं हसू.

“हसू नगं. बार काढ,” वस्ताद बाजेवरून ओरडले.

हसू ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग टॉवेलातलं शेवटचं काडतूस भरलं.

बार झाला. चकती सावकाश वर चढली... आणि काळ्याच्या अगदी काठावर जाऊन थांबली.

“तो धरायचा...”

शब्द सवयीने आले होते. तिने ते अर्ध्यातच सोडले. मग बंदूक मोकळी करून खाली ठेवली, उठून उभी राहिली आणि माळभर ऐकू जाईल अशी ओरडली, “धरा, वस्ताद! तोही माझाच!”

खड्ड्यातून भैरूने चकती गरागरा फिरवली.

शलाका धावतच बाजेपाशी आली. घामाने थबथबलेली, केसांत धूळ, आणि सगळा उन्हाळा वसूल झाल्यासारखी खूश. वस्तादांनी उरलेल्या बत्ताशांची ताटली तिच्यापुढे सरकवली. तिने दोन एकदम तोंडात टाकले.

“पण परवासाठी नवी डबी भरायची ना?” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “सांगाच आता. कुठली नेऊ?”

वस्तादांनी बशीतला गार चहा संपवला, मिशा पुसल्या.

“डबी कंचीबी भर. जे बार धरत न्हवतीस, ते संगं घिऊन जा.”