पाचवं घरटं

समुद्रकाठच्या कोरड्या माळावर निवडुंगाची जाळी सलग होती, तेव्हापासूनची वटवट्या पक्ष्यांची ही रीत. नरानं काट्यांत घरटं बांधून हाक मारायची, मादीनं येऊन ते पसंत करायचं. मग माणसांनी जाळीच्या मधोमध रुंद रस्ता काढला. एक वटवट्या अलीकडे राहिला, एक मादी पलीकडे.

वटवट्यानं चार घरटी बांधली. रोज सकाळी तो घसा फोडून हाका मारायचा. पलीकडून ती ओ द्यायची, पण यायची नाही.

"घर पसंत नसेल तिला," म्हणत तो पाचवं बांधायला जाळीत आणखी आत शिरला.

रस्त्याकडेची टिटवी वैतागली. "अरे बाबा, घराचं काय घेऊन बसलास? उघड्यावर शिक्रा झडप घालेल म्हणून घाबरते ती. तू कडेला तरी ये. तुला बघून तिला धीर येईल."

"कडेला साप अंडी खाईल. मग ती काय म्हणेल मला?"

पाचवं घरटं खरंच देखणं झालं. आत रुईचा मऊ कापूस, तोंडाशी काट्यांचा पहारा. तितक्या आतून त्यानं जीव तोडून हाक मारली. पलीकडे ती कान देऊन बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नाही.

"गेला वाटतं तो," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा कधी तिनं ओ दिलीच नाही.

इकडे वटवट्यानं बराच वेळ वाट पाहिली. "हेही नाही आवडलं," तो पुटपुटला. मग चोचीत नवी काडी घेऊन तो आणखी आत गेला.