शेंड्यावरचा पहारा

तळ्याकाठच्या एका जंगलात, अर्जुनाच्या उंच झाडावर एक वानर राहत असे. त्याची नजर फार तीक्ष्ण होती. गवतात बिबट्याचा नुसता कान हलला तरी त्याला शेंड्यावरून दिसे. मग तो 'खॅक, खॅक' असा ओरडे आणि खाली चरणारी हरणे क्षणात पसार होत.

एकदा एक हरिणी त्याला म्हणाली, "वानरदादा, आज जरा दुपारभर वर बसशील? पाडसं लहान आहेत रे." तो बसला. दुसऱ्या दिवशी ती जाता जाता म्हणाली, "कालच्यासारखंच हं." मग ससा आला. मग रानडुक्कर आपली पिल्ले घेऊन आले. वानराला नाही म्हणणे जमत नसे. कुणी 'तू आहेस म्हणून बरं' म्हटले, की पुढचे शब्द त्याच्या घशातच राहत. होता होता तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेंड्यावर बसू लागला. त्याची जोडीदार वानरी त्याच्यासाठी कोवळी पाने वर नेऊन देई.

"डोळे बघ तुझे, पिकल्या उंबरासारखे झालेत," ती एकदा म्हणाली. "घटकाभर खाली येऊन झोप."

"मी झोपलो आणि काही झालं तर?"

"आणि बसल्या बसल्या झोपलास तर?"

"मी? मी नाही झोपत," वानर हसून म्हणाला.

मुलांनो, एका दुपारी वारा पडला होता. गवताचे पिवळे तुरेही हलत नव्हते. वानराच्या पापण्या मिटल्या. एकदाच मिटल्या, असे त्याला वाटले. खाली सगळा कळप तोंड गवतात घालून चरत होता. एकही मान वर नव्हती. बिबट्या अगदी जवळ येऊन पोचला होता. पलीकडच्या काठावर पाणी पिणारा मोर ओरडला, म्हणून हरणे उधळली. हरिणीच्या पाडसाच्या मांडीवर मात्र पंजा बसलाच. ते लंगडत कसेबसे आईपाशी पोचले.

बिबट्या निघून गेल्यावर हरिणी झाडाखाली आली. "झोपलास कसा तू? मी तुझ्या भरवशावर होते."

वानर खाली उतरला. पाडसाच्या मांडीवरच्या तीन लाल रेघांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. 'चुकलो' म्हणून पुन्हा शेंड्यावर चढणे त्याला सोपे होते. आजवर तो तेच करत आला होता.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "मी थकलो होतो आणि थकलोय असं सांगितलं नाही. पण एक विचारू, ताई? चरताना तू शेवटची मान वर केलीस ती कधी?"

हरिणी आठवू लागली. तिला आठवेना.

"पावसाळ्यापूर्वी," वानर हळूच म्हणाला. "तेव्हा तुम्ही आळीपाळीने मान वर करून वास घ्यायचात. मी रोज वर बसायला लागलो आणि तुमचं ते सुटलं. मला वरून दिसत होतं, पण मी बोललो नाही. आता मी सकाळी आणि संध्याकाळी बसेन, मनापासून बसेन. दुपारी मात्र झोपणार. तेव्हाचा पहारा तुमचा."

"याला भाव चढलाय," तोवर तिथे जमलेल्यांतला ससा कुरकुरला.

"तुझे एवढे लांब कान मग कशाला आहेत रे?" रानडुकराने विचारले.

हरिणीने पाडसाची जखम चाटली. "आणि आम्हाला नाही जमलं तर?"

"जमत होतं," वानर म्हणाला. "मी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खालच्या जाड फांदीवर आडवा झाला. झोप काही येईना. शेवटी न राहवून त्याने पानांच्या फटीतून खाली पाहिले. एक मान वर झाली, कान फिरले, मान खाली गेली. तेवढ्यात दुसरी वर झाली. तिसरी मान पाडसाची होती. त्याने ती जरा जास्तच ताठ धरली होती, आणि आई 'पुरे' म्हणाली तरी ते मान खाली करत नव्हते.

"झाला ना पहाऱ्यावर पहारा करून?" वानरीने त्याला शेपटीने डिवचले. "झोप आता."

त्या दुपारी वानर इतका गाढ झोपला, की त्याच्या पाठीवर चार पाने गळून पडली तरी त्याला कळले नाही.

तात्पर्य : मदत मनापासून करावी, पण आपण थकलो हे वेळीच सांगावे. सगळ्यांसाठी जो एकटाच जागतो, त्याचे डोळे नको त्या वेळी मिटतात आणि इतरांचे उघडायचे राहून जातात.