राखीव पाय

"पण मी चुकतोय कुठं, वस्ताद? मग माझ्या मागं दुसरा कशाला?"

सर्जेराव वस्ताद आखाड्याची माती मऊ राहावी म्हणून तिच्यावर ताक शिंपडत होते. त्यांनी मान वर करून इंद्रजितकडं पाहिलं नाही.

उद्या फायनल होती. कोल्हापुरातल्या त्या तालमीच्या फुटबॉल संघात पेनल्टी म्हटलं की इंद्रजितच, हे पेठेत पोरासोरांनाही पाठ होतं. यंदा मात्र वस्तादांनी धैर्यशीललाही पेनल्टीचा सराव लावला. परवा त्याचा चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात बसला, तेव्हा वस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "वा रं पठ्ठ्या!"

इतक्या वर्षांत इंद्रजितच्या वाट्याला असा एक 'वा' आला नव्हता. परवापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत, वस्ताद."

"तलवार व्हय? लाथ म्हणत्यात त्याला."

वस्तादांनी आणखी ओंजळभर ताक शिंपडलं.

"उद्या पाय मुरगाळला तर?"

"न्हाई मुरगाळणार."

"पायानं सांगितलं तुला?"

 मग इंद्रजित सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आणि धैर्याचे बूट सकाळपासनं सापडंनात म्हणं. बुटाबिगर काय खेळणार तो? यादीतनं नावच काढा त्याचं."

वस्तादांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. भिंतीला टेकवलेलं खोरं उचलून त्याच्या हातात दिलं.

"माती उकर."

तालमीतल्या कुणालाही हे काम नवं नव्हतं. इंद्रजितनं वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि खोरं चालवू लागला. या मातीत पायताणानं पाऊल टाकायचं नाही, हे तो चालायला शिकला तेव्हाच शिकला होता. उंबऱ्याबाहेर मोठमोठ्यांच्या चपला निघत.

घाम निघाला. माती भुसभुशीत झाली. तो थांबला.

"त्यो कोपरा ऱ्हायला," वस्ताद म्हणाले.

"तिथली मऊच हाय."

"खोरं तर लावलं न्हाईस. कसं कळलं?"

इंद्रजित उभाच राहिला. वस्तादही उभेच...

शेवटी खोरं त्या कोपऱ्यात पडलं. दुसऱ्याच घावाला धैर्यशीलचे बूट वर आले, तांबड्या मातीनं माखलेले.

आता वस्ताद कानाखाली काढणार, म्हणून त्यानं डोळे मिटले. काढली असती तर बरं झालं असतं. पण वस्ताद खाली बसले होते आणि धोतराच्या सोग्यानं एकेक बूट पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ते उंबऱ्याबाहेर, इंद्रजितच्या बुटांशेजारी ठेवले.

"जा. घाल."

"मला आखूड होत्यात, वस्ताद."

"म्हंजी घालून बघितलंस."

इंद्रजितच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पहाटे, पुरण्याआधी, त्यानं खरंच ते पायात चढवून पाहिले होते. असं काय होतं त्या बुटांत? टाच आत गेली नव्हती.

 ओल्या मातीला ताकाचा आंबूस वास सुटला होता.

"वस्ताद... उद्या पेनल्टी धैर्यालाच मारू द्या. मी बाकावर बसतो."

वस्तादांनी पुन्हा ताकाचं भांडं उचललं.

"बस की. त्याच्याबी मागं कुणीतरी पायजेच."